छायेचा होकार

माझ्या ब्लॉगला जाहिरातीचं पहिलं पत्र आलं ते एका तव्याच्या कंपनीकडून. सुरुवात ‘प्रिय ब्लॉगर महोदय’ अशी होती. आपल्या पर्यटनविषयक लेखांचे आम्ही चाहते आहोत, तरी आमच्या तव्याबद्दल दोन शब्द लिहावेत, असा मजकूर होता. मी पर्यटनावर आयुष्यात अक्षर लिहिलेलं नव्हतं. माझा ब्लॉग स्वयंपाकाचा, नाव ‘ओट्यावरून’. ते पत्र मी यांना मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोघंही पोट धरून हसलो होतो.

तो काळ मला अजून आवडतो. मराठीत ब्लॉग लिहिणारे तेव्हा एकमेकांना नावानिशी ओळखायचे. आठवडाभर कुणी काही लिहिलं नाही तर मस्कतहून, इंदूरहून विचारणा व्हायची, बरं नाही का म्हणून. जाहिरातवाले चुकीच्या नावाने हाका मारत यायचे आणि तसेच निघून जायचे. करमरकरबाई फुकटचा तवा घेत नाहीत हे माझ्या वाचकांना ठाऊक होतं.

पुढे समाजमाध्यमं वाढली तसे ते शहाणे झाले. एखादी मुलगी महिनाभर आपल्या प्रत्येक लेखाखाली ‘किती छान, ताई’ लिहायची आणि मग हळूच मिक्सर पुढे करायची. त्याही ओळखू यायच्या. मी तेराव्याच्या जेवणावर लिहिलं तेव्हा खाली दोघीतिघींनी ‘तोंडाला पाणी सुटलं’ लिहिलं होतं. न वाचता दाद देणारी माणसं लपत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी आलेलं पत्र मात्र वेगळं होतं.

एका मसाल्याच्या कंपनीचं होतं ते. त्यात कौतुक नव्हतं. आमच्या आमटीच्या मसाल्यात काहीतरी कमी पडतंय, एवढंच लिहिलं होतं. काय ते आम्हाला कळत नाही. तुम्ही चाखून सांगाल का? कुठे लिहू नका, फोटो टाकू नका, फक्त सांगा.

मी ते दोनदा वाचलं आणि पत्ता कळवला. पुडी आली. मी आमटी केली, दगडफूल जास्त झालंय आणि खोबरं नीट भाजलेलं नाही, असं कळवलं. त्यांनी सुधारून परत पाठवली. असं तीनचार वेळा झालं. शेवटची पुडी खरोखर चांगली होती. मग मीच, कुणी न सांगता, ब्लॉगवर लिहिलं की ज्यांना घरी मसाला करणं होत नाही त्यांनी ही घ्यायला हरकत नाही. वीस वर्षांत असं वाक्य मी पहिल्यांदा लिहिलं होतं, त्यामुळे वाचकांनी ते मनावर घेतलं. मसाला खपला. मला फसल्यासारखं अजिबात वाटलं नाही. माझ्या जिभेचा मान ठेवला असं वाटलं.

त्याच सुमारास माझ्या मुलाची आणि माझी भांडणं थांबली.

निनाद पुण्याला असतो. मी चिपळूणला, हे गेल्यापासून एकटी. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, पण मोठा पूर आला तेव्हा पाणी पहिल्या मजल्याच्या छतापर्यंत आलं होतं. तेव्हापासून तो मला पुण्याला चल म्हणून मागे लागलेला. दर गणपतीत एक भांडण ठरलेलं. तो म्हणायचा, तू हट्टी आहेस. मी म्हणायची, तुझ्या वडिलांवर गेलास, दुसऱ्याचं ऐकायचं नाही. सून, रेवती, मध्ये पडायची आणि दोघांचीही बोलणी खायची. एकदा तर आरतीचं ताट हातात असताना आम्ही भांडलो होतो.

आणि अचानक तो शांत झाला. फोनवर योग्य वेळी योग्य ते विचारू लागला. रविवारी फोन आला की पहिल्यांदा मी काय केलं ते विचारायचा, मग वाशिष्ठीला पाणी किती आहे ते, मग एखादी जुनी आठवण काढायचा. पुण्याचं नाव नाही. मी शेजारच्या खातूवहिनींना म्हटलंही, पन्नाशीला आला, शहाणा झाला.

या वर्षी दिवाळीनंतर तो म्हणाला, “आई, तू कायमची ये असं मी म्हणत नाही. पण रेवतीच्या आमटीत काहीतरी कमी पडतं. मुलं जेवत नाहीत नीट. आमच्या घराची घडी जरा बसवून देशील का?”

मी त्याच क्षणी हो म्हटलं.

मग एकातून एक होत गेलं. घडी बसवायला जायचं तर महिन्याभराने थोडीच बसणार? मग इथला फ्लॅट बंद कशाला ठेवायचा? घ्यायला माणूस तयार होता. सोमवारी निबंधकाच्या कार्यालयात सही करायची ठरली. मी बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या, पाटा खातूवहिनींना द्यायचं कबूल केलं. रात्री झोपही नीट लागत होती. सगळ्या गोष्टींना मी आपणहून हो म्हटलं होतं.

त्या आधीच्या गुरुवारी माझी भाची आली. हर्षदा, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, भुसावळची. पुण्यात एका कंपनीत आहे. काम काय करतेस विचारलं की इतकी वर्षं म्हणायची, “ब्लॉगरांशी संपर्क, मावशी.” मी समजून चालले होते की चौकशीच्या खिडकीवर असते तसं काहीतरी.

तिने आईने पाठवलेलं कळण्याचं पीठ दिलं. अख्खे उडीद घालून दळलेलं ज्वारीचं पीठ, आमच्या खानदेशातलं. बहीण दर खेपेला पाठवते आणि मी ते थालिपिठाच्या भाजणीत मिसळून संपवते. मग तिने बॅगेतून टॅबलेटसारखा एक पडदा काढला, वहीएवढा, आणि म्हणाली की तुझी संमती हवी आहे. नवीन कायदा झालाय, ज्याची छाया त्याची सही लागते. आतापर्यंत न विचारता वापरली, आता नाही चालणार.

कसली छाया, म्हणून मी विचारलं. तिने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडते.

माणूस लिहितो तेव्हा सतत निवड करत असतो. हा शब्द घ्यायचा, तो सोडायचा. कुणाच्या प्रतिसादाला लगेच उत्तर द्यायचं, कुणाला दोन दिवसांनी. कशाने रागवायचं, कशाने पाघळायचं. माझ्यासारखीने वर्षानुवर्षं लिहिलेलं असेल तर अशा निवडी लाखांनी जमतात. यंत्र त्यांचा माग काढतं आणि त्यातून त्या माणसाचा कल उभा करतं. असा कल पुरेसा पक्का झाला की त्याला प्रश्न विचारता येतो आणि तो बहुतेक वेळा तो माणूस देईल तेच उत्तर देतो. याला त्यांच्या धंद्यात छाया म्हणतात. तिला जीव नाही, मन नाही. आरशातल्या माणसाला भूक लागत नाही, पण तो आपल्यासारखाच हात वर करतो, तसं.

पूर्वी जाहिरातवाले हजार माणसांना एकच पत्र पाठवायचे आणि कितीजण भुलले ते बघायचे. आता उलटं करतात. एकाच माणसाच्या छायेला हजारो पत्रं दाखवतात. छाया ज्यांना नाही म्हणते ती फेकून देतात. ज्याला हो म्हणते ते एकच पत्र खऱ्या माणसाकडे जातं.

“म्हणजे ते मसाल्याचं पत्र,” मी म्हटलं.

“मीच पाठवलं होतं,” हर्षदा म्हणाली. “कौतुकाची सगळी पत्रं तू नाकारलीस. म्हणजे छायेने. भेटवस्तूची नाकारलीस. भावनेला हात घालणारी तर शिव्या देऊन नाकारलीस. ‘काहीतरी कमी पडतंय, सांगाल का’ म्हटलं की मात्र दर वेळी हो.”

तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती. आपण केलेला पदार्थ जमला की सांगावं, तसं सांगत होती. मला रागही आला नाही. सासूबाई आमटीत पळी घालून माझ्यापुढे धरायच्या आणि म्हणायच्या, बघ गं, काय कमी पडतंय. नव्या घरात मला कुणी विचारलेला तो पहिला प्रश्न. त्या एका प्रश्नावर मी त्या घरची झाले. यंत्राने ते बरोबर हेरलं होतं.

मी म्हटलं, बोलू दे मला हिच्याशी.

हर्षदाने पडदा माझ्यापुढे ठेवला. आवाज माझाच होता, थोडा तरुण. मी तिला विचारलं की जेवायला तुला काय आवडतं. ती म्हणाली, “आमसूल घातलेली, गुळाचा खडा टाकलेली आमटी आणि गरम भात. आमच्याकडे रोज हीच लागते.”

“आणि तिखट?”

“तिखट आमच्याकडे चालत नाही.”

उत्तर चोख होतं. मीच शेकडो वेळा लिहिलेलं. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मी थबकले. तिखट चालत नव्हतं ते मामंजींना, त्यांच्या पोटाच्या दुखण्यामुळे. ते जाऊन तीस वर्षं झाली. सासूबाईही गेल्या. हे जाऊन आठ वर्षं होतील. गेली आठ वर्षं मी एकटी जेवते आहे आणि एकटीच्या आमटीत रोज गुळाचा खडा टाकते आहे. भुसावळला असताना मी मिरचीच्या ठेच्याशी भाकरी खाऊन शाळेत जायची. डोळ्यांतून पाणी यायचं आणि आणखी ठेचा मागायची. ब्लॉगवर त्याचं एक अक्षर नाही. सासरच्या चवीचं लिहायचं, ‘आमच्याकडे’ म्हणून लिहायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण माझ्या पिढीतल्या कुणीही वेगळं लिहिलं नसतं.

“यंत्र चुकलं गं तुझं,” मी हर्षदाला म्हटलं.

ती हसली. “चुकलं असतं तर तू पत्राला उत्तर दिलं नसतंस, मावशी. आवडीचं आम्हाला काय करायचंय? होकार कशाने येतो तेवढं कळलं की झालं. निनाददादा तर म्हणतो, आईशी बोलणं एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.”

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिने पडदा उगीच पुसला.

मग मी तिच्याकडून सगळं काढून घेतलं. दोन वर्षांपूर्वी तिनेच त्याला छाया वापरायला दिली होती, गंमत म्हणून. तो मला फोन करण्याआधी छायेशी बोलून बघायचा. कुठल्या शब्दाला मी बिथरते, कुठल्याला नाही. पूर, म्हातारपण, काळजी, हे शब्द त्याने छायेचं ऐकून गाळले. ‘काहीतरी कमी पडतं’ हे वाक्य त्याला हर्षदाने सुचवलं नव्हतं. त्याचं त्यालाच सापडलं होतं, छायेला विचारून विचारून.

मी संमतीवर सही केली नाही, नाकारलीही नाही. हर्षदाला म्हटलं, रविवारी सांगते. ती म्हणाली, दादाला ओरडू नकोस, चूक माझी आहे. मी म्हटलं, तू जेव.

रविवारी सकाळी निनाद आला, सोमवारच्या सहीसाठी. मी बारीक हिरव्या मिरच्या तव्यावर भाजल्या. लसूण, शेंगदाणे, मीठ घातलं आणि खातूवहिनींना द्यायचा ठरलेला पाटा पुन्हा ओढून त्यावर ठेचा वाटला. कळण्याच्या भाकऱ्या थापल्या. पहिल्या दोन मोडल्या, हात विसरला होता.

निनादने घास घेतला आणि पाणी मागितलं. दुसरा घास छोटा घेतला. हर्षदा शेजारी बसून मजेत खात होती.

“हे काय आहे?” तो म्हणाला.

“मला आवडतं ते.”

“तुला? तू तर तिखट खात नाहीस.”

“तुला कुणी सांगितलं?”

त्याने हर्षदाकडे बघितलं. ती ताटात बघत होती. मी जास्त ताणलं नाही. मला कळलंय, एवढं सांगितलं, आणि उद्या मी सही करणार नाही हेही.

मग तो बोलू लागला. तू हो म्हटलं होतंस, फ्लॅट घेणाऱ्या माणसाला शब्द दिलाय, ट्रक ठरवलाय, मुलांना सांगून झालंय. मी म्हटलं, हो मी म्हटलं, पण विचारलंस ते मला नाही. माझ्या पाठीमागे हजारदा विचारून घेतलंस आणि हजारावं माझ्याकडे आणलंस. तो म्हणाला, मग काय करायचं होतं? खरं विचारलं की तू ताट आपटतेस. आरतीच्या वेळी कोण भांडलं होतं? मी म्हटलं, तू. तो म्हणाला, तू. हर्षदा ताट उचलून स्वयंपाकघरात गेली. दोन वर्षांत घरात एवढा आवाज झाला नव्हता. खातूवहिनी दारात येऊन, काही नाही ना, विचारून गेल्या.

“एवढं काय अडलं होतं रे तुझं?” मी शेवटी म्हटलं. “रेवती चांगली आमटी करते. मी खाल्लीय. का न्यायचंय मला?”

मिरचीने त्याचं नाक वाहत होतं. मग तो म्हणाला, “त्या पुरात तुझा फोन दोन दिवस बंद होता. मी कुंभार्ली घाटापर्यंत आलो होतो. पुढे सोडत नव्हते. गाडीत बसून राहिलो. मला वाटलं, तू गेलीस.”

मला हे माहीत नव्हतं. तो घाटापर्यंत आला होता हेच माहीत नव्हतं.

“हे कधी बोलला नाहीस.”

“छायेला सांगून बघितलं होतं. ती म्हणाली, असं घाबरवून मला हलवायचा प्रयत्न करू नकोस. म्हणून ते वाक्य काढून टाकलं.” तो नाक पुसत म्हणाला, “मला भीती वाटते गं. पाऊस लागला की रात्रभर वाटते. बाकी काही नाही.”

छायेने उत्तर बरोबरच दिलं असणार. दोन वर्षांपूर्वी त्याने फोनवर हे म्हटलं असतं तर मीही तेच उत्तर दिलं असतं, शब्दाला शब्द. पण फोन ठेवल्यावर मी काय केलं असतं, बाल्कनीत जाऊन नदीकडे किती वेळ बघत बसले असते, मग दोन दिवसांनी त्याला आपणहून फोन करून काय म्हटलं असतं, ते तिला कुठून कळणार? ते मी कुठे लिहिलेलं नाही. आम्ही भांडायचो त्याच्या नंतरचंच सगळं खरं असायचं, आणि नेमकं तेच तिच्याकडे नव्हतं.

निनाद म्हणाला, “मग तुला हवंय तरी काय?”

हा प्रश्न मला कंपनीने विचारला नव्हता. छायेलाही कुणी विचारला नव्हता, मी हर्षदाकडून नंतर खात्री करून घेतली. मी त्याला म्हटलं, थांब, मला आठवू दे. तो थांबला. दोन वर्षांत फोनवर आमच्यात कधी एवढी शांतता झाली नव्हती, कारण पुढचं वाक्य त्याच्याकडे नेहमी तयार असायचं.

संध्याकाळपर्यंत ठरलं ते असं. पावसाळ्याचे चार महिने मी पुण्याला. आमटी रेवतीच करेल, मी त्यात पळी घालणार नाही. हिवाळ्यात भरिताची वांगी निघतात तेव्हा भुसावळला, बहिणीकडे. बाकीचे दिवस इथे, माझ्या घरात. फ्लॅट घेणाऱ्या माणसाची माफी निनादने मागायची, कारण शब्द त्याने दिला होता. याबद्दल तो अजून कुरकुरतो. परवाच्या फोनवरही त्यावरून वाद झाला आणि त्याने फोन ठेवला. अर्ध्या तासाने पुन्हा केला.

हर्षदा निघताना म्हणाली, “मग छायेचं काय करू? पुसून टाकू? की तुझ्याशी चार दिवस बोलून दुरुस्त करून घेऊ?”

मी म्हटलं, दुरुस्त नको. आणि घरच्या कुणाला द्यायची नाही. कंपन्यांसाठी राहू दे तशीच, तिचा गुळाचा खडा तिला लखलाभ. त्या अटीवर सही केली. हर्षदाने कागद वाचला आणि म्हणाली की अशी अट अजून कुणी घातली नव्हती.

पत्रं अजून येतात. चांगली लिहिलेली असतात, कुठेही चूक नसते, आणि शेवटच्या ओळीत काहीतरी कमी पडत असतं. मी ती वाचते. ती ज्या बाईला लिहिलेली असतात तिला ओळखते मी, पन्नास वर्षं तिच्याबरोबर काढली आहेत. पण उत्तर देत नाही.

निनाद परत गेला त्या सोमवारी मी एकटीपुरती आमटी केली. गुळाच्या डब्यात हात गेला होता, तो रिकामाच बाहेर काढला. आमटी उकळली. चाखून बघितली. चांगली लागली नाही. जिभेला इतक्या वर्षांची सवय झाली होती, तिचा काय दोष? मी पुन्हा डबा उघडला, एक खडा काढला, दाताने तोडून निम्मा केला आणि तेवढाच घातला. मग एक हिरवी मिरची मधोमध चिरून वरून सोडली आणि झाकण ठेवलं.